एक्झिमाची ट्यूब हातात आली, आता पुढे काय?

डॉक्टरांनी 'एक्झिमा आहे' असं सांगून दोन-तीन ट्यूबा लिहून दिल्या, आणि घरी आल्यावर कुठली कधी लावायची, किती लावायची, किती दिवस लावायची हेच कळेनासं झालं, अशांसाठी हा लेख आहे. एक्झिमा, म्हणजे इसब, हटत नाही तेव्हा औषध चुकीचं असण्यापेक्षा ते कमी पडलेलं असण्याची शक्यता जास्त असते. मॉइश्चरायझर चिमूटभर, मलम भीत भीत, आणि खाज थांबली की दोन्ही बंद. ही सवय मोडली की निम्मं काम होतं.

आधी, हा एक्झिमाच आहे ना?

एक्झिमाचे प्रकार बरेच. त्यातला सर्वांत जास्त दिसणारा म्हणजे अॅटॉपिक डर्माटायटिस, आणि हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. त्याची पहिली खूण म्हणजे खाज. खाज अजिबात नसेल तर तो एक्झिमा असण्याची शक्यता फार कमी. दुसरी खूण जागेची. तान्ह्या बाळांत गाल, डोकं, हातापायांची बाहेरची बाजू. जरा मोठ्या मुलांत कोपराची आणि गुडघ्यामागची घडी. मोठ्या माणसांत हात, मान, पापण्या. घरात कुणाला दमा, सर्दी-शिंकांची अॅलर्जी किंवा लहानपणी इसब असेल तर संशय आणखी पक्का होतो.

पुस्तकात लिहिलेला 'लाल चट्टा' सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाल दिसेलच असं नाही. तो गडद तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो. कधी चट्टा न दिसता बारीक बारीक पुटकुळ्याच उठतात. त्यामुळे नुसतं बघू नका, हात फिरवून बघा: तो भाग आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गरम, खरखरीत किंवा जाड लागतो का? जुना इसब खाजवून खाजवून चामड्यासारखा जाड होतो आणि त्यावरच्या रेषा ठळक दिसतात.

फसवणारे आजार तीन. गजकर्णाचा चट्टा बहुधा गोल, कडा उठलेली आणि मधला भाग साफ होत जाणारा असतो. खरजेत रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर आणि कमरेला पुरळ येतं, आणि घरातले इतरही खाजवू लागतात. सोरायसिसचे चट्टे जाड, चंदेरी पापुद्र्यांचे आणि कोपर-गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असतात. यांत गजकर्णाची गल्लत सर्वांत महागात पडते. त्यावर स्टिरॉइडचं मलम लावलं की चार दिवस खाज कमी होते, माणूस खूश होतो, आणि बुरशी मात्र शांतपणे पसरत राहते. पुढे चट्ट्याचं रूपही इतकं बदलतं की ओळखणं अवघड जातं. म्हणून दुसऱ्या कुणाची उरलेली ट्यूब उचलून लावायची नाही, आणि स्टिरॉइड, बुरशीनाशक, प्रतिजैविक असं सगळं एकत्र कालवलेलं मलम स्वतःहून तर मुळीच नाही.

त्वचेत नेमकं काय बिघडलेलं असतं

त्वचेचा सर्वांत वरचा थर पाणी आत ठेवतो आणि बाहेरचं बाहेर. एक्झिमात हा थर कच्चा असतो. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन तो घट्ट ठेवायला मदत करतं. त्याच्या जनुकातले दोष एक्झिमाशी जोडलेले आहेत, हे 2006 मध्ये समोर आलं. असा दोष सगळ्यांत सापडत नाही, पण थर कच्चा असणं जवळपास सगळ्यांत असतं. पाणी उडून जातं, त्वचा कोरडी पडते, साबण, धूळ, घाम आत शिरतो, शरीराची प्रतिकारयंत्रणा चवताळते, खाज सुटते. खाजवलं की थर आणखी फाटतो आणि खाज आणखी वाढते. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू अशा त्वचेवर मुक्काम ठोकतो आणि दाह वाढवतो.

हे कळलं की बरेच गैरसमज आपोआप गळतात. एक्झिमा संसर्गजन्य नाही. जवळ बसून, मिठी मारून, कपडे वापरून तो लागत नाही. रक्त बिघडलं म्हणून तो होत नाही, आणि अस्वच्छतेमुळे तर नाहीच. उलट अती धुण्यानेच तो बिघडतो. मुळापासून कायमचा घालवणारं औषध आज नाही; मात्र बऱ्याच मुलांत वयात येईपर्यंत तो खूप कमी होतो, आणि मोठ्यांतही महिनोन् महिने शांत ठेवता येतो.

अंघोळ

रोज अंघोळ चालते. पाणी कोमट हवं: कोपर बुडवल्यावर ना गरम, ना गार. गरम पाण्याने खाजेला क्षणभर भारी वाटतं आणि अर्ध्या तासात ती दुप्पट होऊन परत येते. पाच ते दहा मिनिटांत आटपा. घासणी, दगड, खरखरीत कापड बाजूला ठेवा.

साबणाचं गणित साधं आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5 च्या आसपास. नेहमीच्या साबणाच्या वडीचा पीएच 9 ते 10. म्हणजे रोज सकाळी आपणच तो कच्चा थर खरवडायचा आणि मग दिवसभर मलमं चोपडायची. त्याऐवजी सुगंध नसलेला, साबणरहित क्लीन्झर घ्या, किंवा मॉइश्चरायझरच हातावर घेऊन अंगाला लावा आणि धुऊन टाका. शांपूचा फेस अंगावरून वाहू देऊ नका. डोकं वाकवून वेगळं धुवा.

अंघोळीच्या पाण्यात टाकायची खास तेलं मिळतात. त्यांवर पैसे घालवू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्यांचा नेहमीच्या उपचारांहून वेगळा असा फायदा दिसला नाही.

मॉइश्चरायझर

अंग टॉवेलने टिपून घ्या, पुसू नका. त्वचा अजून दमट असतानाच, पहिल्या तीन-चार मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा.

लावायची पद्धत बघा. हात धुवा. डबा असेल तर स्वच्छ चमच्याने काढा, बोटं बुडवू नका. बोटांवरचे जंतू डब्यात जातात आणि मग रोज अंगावर. पंपाची बाटली असेल तर हा प्रश्नच नाही. हातापायावर ठिपके ठिपके ठेवा आणि केस ज्या दिशेने वळतात त्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने ओढत न्या. गोल गोल चोळू नका. चोळल्याने केसांची मुळं बंद होऊन फोड येतात, आणि चोळताना खाजही जागी होते. शेवटी त्वचेवर एक ओलसर चकाकी उरली पाहिजे. ती काही मिनिटांत मुरते. लावल्या लावल्या त्वचा कोरडी दिसली तर तुम्ही कमी घेतलंय.

'कमी' म्हणजे किती, इथेच बहुतेक जण चकतात. अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला साधारण 250 ग्रॅम आणि मोठ्या माणसाला 500 ग्रॅमपर्यंत मॉइश्चरायझर लागू शकतं. हो, आठवड्याला. 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर त्वचेला त्याचा फारसा पत्ताच लागलेला नसतो. दिवसातून किमान दोनदा, इसब नसलेल्या भागांवरही, आणि सगळं शांत असतानाही लावायचं. हात धुतले की हातांना पुन्हा.

लोशन, क्रीम, जेल की ऑइंटमेंट? या चारांची थेट तुलना करणारी एक चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुलांमध्ये परिणामाच्या दृष्टीने चारही सारखेच निघाले. म्हणजे जे तुम्ही खरंच रोज लावाल तेच चांगलं. माझं मत विचाराल तर दिवसा क्रीम आणि रात्री चिकट ऑइंटमेंट अशी जोडी बहुतेकांना झेपते. सुगंध नको, मग तो 'नैसर्गिक' का असेना. युरिया असलेलं क्रीम जाड कातडीला चांगलं, पण चिरलेल्या त्वचेवर आणि लहान मुलांना झोंबतं. ऑलिव्ह तेल टाळा. ते वरचा थर आणखी कमजोर करतं.

एक सूचना लोक हसण्यावारी नेतात. मॉइश्चरायझर, मग ते पॅराफिनचं असो की दुसरं कुठलं, कपड्यांत आणि चादरीत मुरतं आणि धुऊनही पूर्ण निघत नाही. असं कापड पेटलं तर झपाट्याने पेटतं. शेगडी, मेणबत्ती, सिगारेट यांपासून लांब राहा.

स्टिरॉइड मलम: भीती आणि माप

चट्टा फुलला, खाज वाढली की मॉइश्चरायझर एकटं पुरत नाही. तिथे स्टिरॉइड मलम लागतं. 1952 पासून त्वचारोगांत ही मलमं वापरली जात आहेत, त्यामुळे त्यांचे गुण आणि दोष दोन्ही चांगले ठाऊक आहेत.

त्यांची ताकद वेगवेगळी असते, आणि ती टक्क्यांवरून ओळखता येत नाही. हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का हे सौम्य. क्लोबेटासोन ब्युटिरेट 0.05 टक्के मध्यम, मोमेटासोन 0.1 टक्के तीव्र. क्लोबेटासोल प्रोपियोनेट 0.05 टक्के अतितीव्र. शेवटच्याचा आकडा पहिल्याच्या वीसपट लहान आणि जोर कितीतरी जास्त. म्हणून ट्यूबवरचं ब्रँडचं नाव नाही, खालचं बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचायची सवय लावा. चेहरा, काख, जांघ इथली त्वचा पातळ, तिथे सौम्य औषध आणि थोडेच दिवस. तळहात-तळपाय जाड, तिथे तीव्र लागतं. पापण्यांवर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय काहीही नाही.

आता माप. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक सलग ओळ काढा. हे झालं एक 'बोटभर' माप, साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळव्यांएवढा भाग एवढ्यात होतो. लहान मुलालाही हेच माप, फक्त तळवे मोठ्या माणसाचे धरायचे. समजा दोन्ही कोपरांच्या घड्या आणि दोन्ही गुडघ्यांमागचा भाग मिळून सहा तळव्यांएवढा चट्टा आहे. तर रोज तीन बोटं, म्हणजे दीड ग्रॅम. 15 ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपायला हवी. एवढ्या चट्ट्याला तीच ट्यूब सहा महिने पुरली असेल, तर 'मला स्टिरॉइड लागूच पडत नाही' ही तक्रार करायच्या आधी हा हिशेब मांडून बघा.

दिवसातून एकदा लावणं बहुतेकांना पुरतं. मॉइश्चरायझर आणि मलम यांत वीस-तीस मिनिटांचं अंतर ठेवा. आधी कुठलं लावायचं याला फारसं महत्त्व नाही, एकावर एक कालवू नका एवढंच. मलम फक्त चट्ट्यावर, मॉइश्चरायझर सगळीकडे.

थांबायचं कधी? इथे लोक घाई करतात. तिसऱ्या दिवशी खाज जाते, पाचव्या दिवशी चट्टा फिका होतो आणि ट्यूब कपाटात जाते. वरून आग विझली तरी आत निखारे असतात; आठवड्याने तिथेच पुन्हा भडकतो. हात फिरवल्यावर त्वचा मऊ आणि सपाट लागेपर्यंत, सांगितलेल्या मुदतीत, लावत राहा. अंगावरच्या चट्ट्यांसाठी ही मुदत बहुधा एक ते दोन आठवड्यांची, चेहऱ्यासाठी त्याहून कमी असते. मागे उरलेला काळपट किंवा फिकट डाग हा मात्र इसब नव्हे. तो महिन्यांनी आपोआप जातो. त्याच्यामागे मलम घेऊन लागू नका.

त्याच त्याच जागी वारंवार फुलत असेल तर डॉक्टरांना 'वीकेंड' पद्धतीबद्दल विचारा: चट्टा शांत झाल्यावरही त्या ठरावीक जागांवर आठवड्यातून सलग दोन दिवस मलम लावायचं, बाकी दिवस फक्त मॉइश्चरायझर. भडका उडण्याचं प्रमाण याने कमी होतं.

आता भीतीबद्दल. त्वचा पातळ होणं, बारीक रक्तवाहिन्या दिसणं, ताणल्याच्या खुणा उमटणं, हे खरं आहे. पण ते बहुधा तीव्र औषध चुकीच्या जागी, महिनोन् महिने, कुणालाही न विचारता लावल्याने होतं. चेहऱ्यावर असं केल्यानंतर मलम सोडताना त्वचा जळजळते, लालबुंद होते, आणि ते निस्तरायला फार वेळ लागतो. तेव्हा भीती मुदत न पाळण्याची असू द्या, मापाची नको. चेहऱ्यासाठी आणि घड्यांसाठी टॅक्रोलिमस किंवा पिमेक्रोलिमस ही बिगर-स्टिरॉइड मलमंही आहेत. त्यांनी त्वचा पातळ होत नाही. पहिले काही दिवस आग होते, पुढे ती बहुधा कमी होत जाते. हे आधी न सांगितल्यामुळे बरेच जण दुसऱ्याच दिवशी ती सोडून देतात.

स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन ही वेगळी गोष्ट. त्यांनी दोन दिवसांत त्वचा लख्ख होते आणि बंद केल्यावर इसब अनेकदा आधीपेक्षा जोराने उलटतो. सारखी मागायची ही गोष्ट नाही.

रात्रीची खाज

'खाजवू नकोस' हे वाक्य घरातून हद्दपार करा. ते कुणालाच जमत नाही, आणि लहान मुलाला तर वरून अपराधी वाटतं. त्याऐवजी हाताला दुसरं काम द्या: तळव्याने दाबून धरणं, थंड ओली घडी ठेवणं, फ्रिजमध्ये ठेवलेलं मॉइश्चरायझर लावणं. नखं आखूड आणि कडा गुळगुळीत. खोली गार, पांघरूण हलकं, कपडे सुती. झोपायच्या तासभर आधी मॉइश्चरायझरचा जाड थर.

अॅलर्जीच्या गोळ्यांकडून फार आशा ठेवू नका. त्या हिस्टामिन या शरीरातल्या रसायनाला अडवतात, आणि एक्झिमाची खाज बहुतांशी त्यामुळे नसते. गुंगी आणणारी गोळी डॉक्टर काही रात्रींपुरती देतात ती झोपेसाठी.

कशाने चिडतो ते शोधताना

पुढचे चार आठवडे एका वहीत रोज दोन ओळी लिहा: खाज किती, काय वेगळं घडलं. नवा साबण, लोकरीचा स्वेटर, घाम, थंड कोरडी हवा, सर्दी-ताप, परीक्षा, भांडण. ताणाने इसब होत नाही, पण भडकतो नक्की. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

हातांचा इसब वेगळा प्रश्न आहे. सतत ओले हात, भांडी, फरशी, केस कापणं, रुग्णसेवा या कामांत तो जास्त दिसतो. रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घाला आणि आत घाम आला की बदला. चट्टा नेमका घड्याळाखाली, पट्ट्याच्या बकलाखाली किंवा केस रंगवल्यानंतर कपाळाच्या कडेला येत असेल तर संशय स्पर्शाच्या अॅलर्जीचा: निकेल, सुगंधी द्रव्यं, केसांच्या रंगातलं पीपीडी हे रसायन. त्यासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढतात आणि पुढे दोनेक दिवसांनी पुन्हा वाचतात.

आणि खाणं? मोठ्या माणसांत एक्झिमाचं कारण क्वचितच जेवणात असतं. रक्ताची भलीमोठी अॅलर्जी तपासणी करून दहा पदार्थ बंद करणं, हे मुलांच्या बाबतीत तर घातक ठरू शकतं: वाढ खुंटते, आणि बंद केलेल्या पदार्थाची खरीखुरी अॅलर्जी निर्माण होऊ शकते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी असं होत असेल, किंवा तान्ह्या बाळाचा इसब नीट उपचार करूनही अजिबात आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. त्याशिवाय ताटातून काही काढू नका.

हे दिसलं तर थांबू नका

पिवळ्या मधासारख्या खपल्या, पू, अचानक वाहू लागणारा चट्टा, वाढती वेदना: जंतुसंसर्ग झालाय, एक-दोन दिवसांत दाखवा.

त्याहून गंभीर म्हणजे एक्झिमा हर्पेटिकम. ओठांवर ज्याने पाण्याचे बारीक फोड ('जर') येतात, त्याच विषाणूने एक्झिमाच्या त्वचेवर केलेला हा हल्ला. एकसारख्या आकाराचे पाण्याचे फोड किंवा टोचून काढल्यासारखे छोटे गोल व्रण झपाट्याने पसरतात, खाजेपेक्षा दुखतात जास्त, बरोबर ताप आणि मरगळ. त्याच दिवशी रुग्णालय गाठा; डोळ्याजवळ असेल तर एक तासही घालवू नका. आणि घरात कुणाच्या ओठांवर असे फोड आले असतील तर त्याने एक्झिमा असलेल्या बाळाचा मुका घ्यायचा नाही. नातेवाईक रुसले तरी चालतील.

महिन्याभराने

सुधारतंय की नाही हे आठवणीवर सोडू नका. 'पोएम' नावाची सात प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोपमोड झाली, अशी विचारणा. एकूण गुण 28. 8 ते 16 म्हणजे मध्यम, 17 आणि त्यापुढे तीव्र. आज भरा आणि चार आठवड्यांनी पुन्हा भरा.

माप, मुदत, मॉइश्चरायझर सगळं नीट पाळूनही आकडा हलला नाही तर पुढचे मार्ग आहेत: नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशोपचार, मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोस्पोरिनसारख्या गोळ्या (यांत नियमित रक्ततपासणी लागते), डुपिलुमॅबचं इंजेक्शन, ज्याला 2017 मध्ये अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली, आणि त्यानंतर आलेल्या जेएके इनहिबिटर गोळ्या. यातलं कुठलं कुणाला, हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील. त्यांच्याकडे जाताना वही, भडकलेल्या दिवसांतले फोटो, आणि घरात वापरलेली प्रत्येक ट्यूब घेऊन जा. रिकामी, अर्धी आणि शेजारणीने दिलेलीसुद्धा.